रोख्यांची किंमत झाकली जाते तेव्हा बँक धोक्यात येते

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील २००८ च्या बँकसंकटाचा उल्लेख आपल्या अर्थविषयक पानावर अधूनमधून येतो आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एका वाक्यात सांगून पुढे जाण्याची प्रथा पडली आहे : ऐपत नसलेल्यांना घरांसाठी कर्जे दिली गेली, ती थकली आणि बँका बुडाल्या. यात खोटे काही नाही, पण एवढ्याने उलगडाही होत नाही. कर्ज थकणे हा बँकेच्या धंद्यातला नित्याचाच भाग आहे. त्यासाठी तारण घेतलेले असते, नफ्यातून तरतूद केलेली असते आणि तेवढ्यानेही भागले नाही तर भागधारकांचे भांडवल असते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी मार्च २००७ मध्ये तिथल्या संसदीय समितीपुढे सबप्राइम, म्हणजे कमी पत असलेल्यांना दिलेल्या, गृहकर्जांचा त्रास आटोक्यात राहील असे दिसते, अशी ग्वाही दिली होती. पुढे २०१० मध्ये चौकशी आयोगापुढे बोलताना त्यांनीच असे मत मांडले की, केवळ या कर्जांतला संभाव्य तोटा एवढ्या मोठ्या संकटाचे कारण ठरावा इतका नव्हता. मग एवढी पडझड झाली कशाने?

माझी उमेद बँकांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मी या प्रश्नाकडे ताळेबंदाच्या अंगाने पाहतो. तसे पाहिले की असे ध्यानात येते की, रोख्याने, म्हणजे अशा कर्जांवर काढलेल्या आणि विकता येणाऱ्या कागदाने, बँक बुडते ती दोन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यावर. एक, त्या रोख्याची आजची खरी किंमत ठेवीदाराला आणि सावकाराला दिसत नसते. दुसरी, तो रोखा ज्यांच्या पैशांवर घेतलेला असतो त्यांना ते पैसे उद्या सकाळी परत मागण्याचा हक्क असतो. यांतली एकच गोष्ट असेल तर बँक बहुधा तग धरते.

गृहकर्जाधारित रोख्यांचा जन्म काही लबाडीतून झालेला नाही. गिनी मे या अमेरिकी सरकारी संस्थेच्या हमीवर असे पहिले रोखे १९७० मध्ये निघाले. कल्पना सरळ होती. तीस वर्षे मुदतीचे गृहकर्ज बँकेने स्वतःकडे ठेवले तर तिचा पैसा तितकी वर्षे अडकतो. त्याऐवजी हजारो कर्जे एकत्र करून त्यांच्या हप्त्यांवर हक्क सांगणारे रोखे विकले, तर बँकेला नवे कर्ज देण्यासाठी पैसा मोकळा होतो आणि विमा कंपन्या किंवा निवृत्तिवेतन निधी यांच्यासारख्या दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदारांना नियमित उत्पन्न मिळते. हमी असेपर्यंत खरेदीदाराला कर्जदाराच्या ऐपतीची काळजी करण्याचे कारणच नव्हते. पेच सुरू झाला तो खासगी कंपन्यांनी हमीविना असे रोखे काढायला आणि त्यांचे जोखमीनुसार तुकडे पाडायला सुरुवात केल्यावर.

या तुकड्यांचा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, शंभर रुपयांच्या कर्जांच्या गाठोड्यावर तीन थरांचे रोखे काढले. पहिले पाच रुपये बुडाले तर ते तळाच्या थराचे. पाच ते दहा रुपयांपर्यंतचा तोटा मधल्या थराचा. दहाच्या वर तोटा गेला तरच वरच्या नव्वद रुपयांना झळ पोहोचणार, म्हणून त्याला सर्वोच्च म्हणजे ‘ट्रिपल ए’ मानांकन. इथवरचे तर्कशास्त्र पटण्याजोगे आहे. पण मधला थर विकायला जड जात असे. तेव्हा वेगवेगळ्या गाठोड्यांतले असे मधले थर गोळा करून त्यांची पुन्हा एक नवी उतरंड रचली गेली आणि त्या उतरंडीच्याही वरच्या मोठ्या भागाला पुन्हा ‘ट्रिपल ए’ मिळाले. सीडीओ म्हणतात ते हेच. गृहीत असे होते की, एका प्रांतातली कर्जे थकली तरी दुसऱ्या प्रांतातली चालू राहतील आणि सगळे मधले थर एकदम जाणार नाहीत. आता घरांच्या किमती देशभर एकाच वेळी उतरल्या आणि प्रत्येक गाठोड्यातला तोटा पाचावरून दहावर गेला असे धरा. मूळ कर्जांपैकी नव्वद टक्के रक्कम अजूनही वसूल होते आहे, पण प्रत्येक मधला थर पूर्ण पुसला गेला. आणि सीडीओत मधल्या थरांखेरीज दुसरे काहीच नसल्यामुळे त्याचा ‘ट्रिपल ए’ भागही शून्यावर आला. म्हणजे दहा टक्के तोट्याने सर्वात सुरक्षित म्हणून विकलेला कागद शंभर टक्के बुडू शकतो. प्रत्यक्षातले थर याहून अधिक आणि अधिक गुंतागुंतीचे होते, पण गोम हीच होती.

मानांकन देणाऱ्यांना ही गोम दिसायला हवी होती. अमेरिकी चौकशी आयोगाने जानेवारी २०११ च्या अहवालात नोंदवले आहे की, मूडीज या संस्थेने २००६ मध्ये कामकाजाच्या दर दिवशी गृहकर्जांशी निगडित तीस रोख्यांवर ‘ट्रिपल ए’ची मोहोर उठवली आणि त्या वर्षी हे मानांकन मिळालेल्या अशा रोख्यांपैकी ८३ टक्के रोख्यांचे मानांकन पुढे खाली आणावे लागले. एका दिवसात तीस! लहानशा कारखान्याचे खेळत्या भांडवलाचे प्रकरण तपासायलाही याहून जास्त वेळ लागतो. मानांकनाची फी रोखे काढणाराच भरत होता, एवढे सांगितले की बाकीचे वाचकांना समजेल.

येथे कोणी विचारेल की, रोखे विकून जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे हाच जर या धंद्याचा हेतू होता, तर ते बँकांच्याच ताळेबंदात इतक्या मोठ्या प्रमाणात कसे सापडले? माझ्या मते या प्रकरणातला सर्वात बोधक भाग हाच आहे आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते. बँकेने किती भांडवल बाळगायचे हे तिच्या येण्यांच्या (दिलेल्या कर्जांच्या आणि घेतलेल्या रोख्यांच्या) जोखीमभारावर, म्हणजे त्यांतली किती रक्कम जोखमीची धरायची यावर, ठरते. अमेरिकेतल्या नियमांनुसार साध्या गृहकर्जाचा जोखीमभार पन्नास टक्के होता. म्हणजे जोखमीच्या रकमेवर आठ टक्के भांडवल या हिशेबाने शंभर डॉलरच्या कर्जामागे चार डॉलरचे भांडवल लागे. २००१ च्या नियमानुसार तीच कर्जे सर्वोच्च मानांकनाच्या रोख्याच्या रूपात हाती असतील, तर जोखीमभार वीस टक्क्यांवर येई आणि भांडवल एक डॉलर साठ सेंट पुरे होई. कर्जदार तेच, घरे तीच, हप्ते तेच. मध्ये फक्त कागद बदलला आणि गरजेचे भांडवल निम्म्याहूनही खाली आले. कर्जे देऊन, त्यांचे रोखे करून, ते पुन्हा विकत घेण्यात बँकेला फायदा दिसू लागला तो असा. नियम मोडण्याची गरजच नव्हती. नियम पाळूनच हे साधत होते.

त्यातून सीडीओच्या सर्वात वरच्या भागावर व्याज इतके कमी होते की, बाहेरचा गिऱ्हाईक त्याला फारसा हात लावत नसे, म्हणून तो भाग बनवणाऱ्या बँकांकडेच साचत गेला. स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेला अमेरिकी गृहकर्जांशी संबंधित गुंतवणुकीत २००७ या एका वर्षात सुमारे १८.७ अब्ज डॉलरचा फटका बसला, त्यात या ‘अतिसुरक्षित’ भागाचा वाटा मोठा होता. सिटीग्रुपची गोष्ट तर हिशेबतपासनिसाची झोप उडवणारी आहे. तिने सुमारे २५ अब्ज डॉलरचे सीडीओ अल्पमुदतीच्या कागदांच्या स्वरूपात बाहेर विकले होते, पण खरेदीदारांना असे वचनही दिले होते की, बाजारात हे कागद खपेनासे झाले तर ते आम्ही परत घेऊ. विकलेला माल ताळेबंदातून गेला आणि वचन मात्र मागे राहिले. २००७ च्या उन्हाळ्यात बाजार थांबला आणि तो सगळा माल दारात परत आला. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला बँकेने सबप्राइमशी निगडित सुमारे ५५ अब्ज डॉलरची जोखीम जाहीर केली आणि त्याच दिवशी तिचे प्रमुख चार्ल्स प्रिन्स पायउतार झाले.

किंमत दिसेनाशी होणे म्हणजे काय, हे ९ ऑगस्ट २००७ रोजी जगाला समजले. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने आपल्या तीन फंडांतून पैसे काढून घेणे थांबवले; कारण असे दिले की, अमेरिकी रोखे बाजाराच्या काही भागांत व्यवहारच उरले नसल्याने मालमत्तेचे मूल्य ठरवता येत नाही. हे रोखे बुडाले आहेत, असे बँक म्हणत नव्हती. त्यांचा भाव सांगता येत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि तेवढ्यानेच बाजाराची गाळण उडाली. कारण कोणाच्या पोटात किती माल आहे आणि त्याची किंमत काय, हे माहीत नसेल तर शहाणा माणूस कोणालाच उधार देत नाही; चांगल्या बँकेलाही नाही. ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेजवळ अमेरिकी सबप्राइमचा माल जवळजवळ नव्हता आणि तिची स्वतःची गृहकर्जेही तेव्हा नियमित वसूल होत होती. तरीही सप्टेंबर २००७ मध्ये तिच्या शाखांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, कारण तिचा गाडा चालत होता तो बाजारातून उचललेल्या अल्पमुदतीच्या पैशांवर आणि कर्जांचे रोखे करून ते सतत विकत राहण्यावर, आणि ते दोन्ही मार्ग एकदम बंद झाले.

जुलै २००८ मधील मेरिल लिंचचा व्यवहार मी नेहमी उदाहरण म्हणून देतो. या अमेरिकी गुंतवणूक बँकेने ३०.६ अब्ज डॉलर दर्शनी किमतीचे सीडीओ लोन स्टार या गुंतवणूक कंपनीला ६.७ अब्ज डॉलरला विकले, म्हणजे डॉलरमागे सुमारे बावीस सेंट. त्यातही खरेदीची पाऊण रक्कम मेरिलनेच खरेदीदाराला कर्जाऊ दिली आणि तारण काय, तर तेच सीडीओ. म्हणजे भाव आणखी पडला तर नुकसान पुन्हा विकणाऱ्याच्याच अंगावर. याला विक्री म्हणायचे का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो; पण या व्यवहाराने बावीस सेंट हा आकडा सर्वांच्या डोळ्यांपुढे आला आणि असा माल साठ, सत्तर सेंटांना धरून बसलेल्या प्रत्येक संस्थेच्या ताळेबंदाकडे लोक संशयाने पाहू लागले.

लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या बाबतीत सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी पुरत्या जुळल्या होत्या. भांडवलाच्या सुमारे तीस पट मालमत्ता. म्हणजे मालमत्तेची किंमत साडेतीन टक्क्यांनी उतरली तरी भांडवल संपले. आणि या मालमत्तेच्या मोठ्या भागासाठी पैसा कोठून, तर रोखे गहाण ठेवून एकेका रात्रीपुरता उचललेला, ज्याला रेपो म्हणतात. रेपोत सावकाराला दिवाणी दाव्याची गरज नसते. त्याने सकाळी नूतनीकरण नाकारले किंवा तारणावर जास्त मार्जिन (कर्जाहून तारण जितके जास्त हवे तो फरक) मागितले की झाले. मार्जिन भागवण्यासाठी रोखे विकावे लागतात, विक्रीने भाव पडतो, भाव पडल्याने आणखी मार्जिन लागते. १५ सप्टेंबर २००८ ला ६३९ अब्ज डॉलर मालमत्ता दाखवणारी ही संस्था दिवाळखोरीत गेली. त्यानंतर दहाच दिवसांनी वॉशिंग्टन म्युच्युअल ही ३०७ अब्ज डॉलरची बँक सरकारने ताब्यात घेतली. तेथे ठेवीदारांनी थोड्याच दिवसांत १६.७ अब्ज डॉलर काढून नेले होते.

यावर उपाय म्हणून अमेरिकी संसदेने ऑक्टोबर २००८ मध्ये ७०० अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, त्याच्या नावातच अडचणीतली मालमत्ता खरेदी करण्याचा हेतू होता. पण खरेदी कोणत्या भावाने करायची? बाजारभावाने केली तर बँकांचा तोटा उघडा पडून त्या तिथल्या तिथे दिवाळखोर ठरणार. चढ्या भावाने केली तर करदात्यांचे पैसे भागधारकांना वाटल्यासारखे होणार. अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी दोनच आठवड्यांत मोहरा वळवला आणि २५० अब्ज डॉलर थेट बँकांच्या भांडवलात घातले; विषारी मालमत्ता विकत घेण्याचा बेत नोव्हेंबरात उघडपणे सोडून दिला. माझ्या मते त्यांचा दुसरा विचार पहिल्यापेक्षा बरा होता, जरी त्यासाठी बँकांच्या संचालकांना फारच स्वस्तात सोडले गेले.

स्वित्झर्लंडने वेगळी वाट धरली आणि तिचा शेवट पाहण्यासारखा आहे. तेथील मध्यवर्ती बँकेने यूबीएसकडून सुमारे ३८.७ अब्ज डॉलरची अशी मालमत्ता एका स्वतंत्र निधीत घेतली, घाई न करता हप्ते वसूल केले, बाजार सावरल्यावर विक्री केली आणि २०१३ मध्ये तो निधी नफ्यात बंद झाला. ज्या कागदांनी यूबीएसला जेरीस आणले, त्याच प्रकारचे कागद मध्यवर्ती बँकेला पचले. तिच्या दाराशी पैसे परत मागायला कोणी उभे नव्हते, एवढाच फरक.

हे सारे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी मार्च २०२३ मध्ये बुडालेल्या अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे प्रकरण पुरेसे आहे. येथे एकाही गृहकर्जदाराने हप्ता थकवण्याची गरज पडली नाही. बँकेकडचे रोखे बहुतांशी सरकारपुरस्कृत संस्थांच्या हमीचे, म्हणजे मूळ १९७० च्या सचोटीच्या कल्पनेचेच वारस होते. पण ते व्याजदर तळाला असताना घेतलेले होते आणि मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने वर्षभरात दर शून्याजवळून साडेचार टक्क्यांच्या वर नेले. दर वाढले की कोणत्याही जुन्या रोख्याचा भाव उतरतो. गृहकर्जाच्या रोख्याला त्यावर एक जादा खोड आहे. दर चढले की कोणीही आपले स्वस्त कर्ज मुदतीआधी फेडत नाही, त्यामुळे पाच-सात वर्षांत पैसा परत येईल या अंदाजाने घेतलेला रोखा दहा-बारा वर्षे गळ्यात पडतो आणि नेमका नको तेव्हा लांबतो.

२०२२ अखेरच्या ताळेबंदात या बँकेने ९१ अब्ज डॉलरचे रोखे ‘मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे’ या सदरात खरेदीच्या हिशेबाने दाखवले होते. त्यांचा बाजारभाव ७६ अब्ज होता. हा पंधरा अब्जांचा फरक नफातोटा पत्रकात नव्हता, भांडवलातून वजा नव्हता. तो होता टीपांमध्ये. आणि बँकेचे एकूण भागभांडवल होते सोळा अब्जांच्या आसपास. ‘विक्रीसाठी उपलब्ध’ या दुसऱ्या सदरातल्या रोख्यांवरचा तोटाही नियामक भांडवलात (नियामक ज्यावरून बँकेची ताकद मोजतो त्यात) न धरण्याची सवलत २०१९ च्या नियमबदलाने तिला मिळालेली होती. ठेवींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम ठेवविम्याच्या मर्यादेबाहेरची, म्हणजे बँकेविषयी शंका येताच पळणारी. ८ मार्चला बँकेने सुमारे २१ अब्जांचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा सोसल्याचे जाहीर केले. ९ मार्चला ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढले, दुसऱ्या दिवशी आणखी सुमारे शंभर अब्ज काढण्याच्या सूचना येऊन पडल्या होत्या आणि त्या सकाळीच बँकेला टाळे लागले. त्यानंतर फेडरल रिझर्व्हने जी योजना आणली तिच्यात अशा रोख्यांवर बाजारभावाने नव्हे, तर दर्शनी किमतीने कर्ज दिले गेले. लपलेला तोटा आणखी काही काळ लपवून ठेवण्याची सोय, असे मी तिला म्हणेन. धाव थांबवण्यासाठी ती आवश्यक असेलही.

मुदतपूर्तीपर्यंतचे सदरच रद्द करा, असे माझे म्हणणे नाही. रोजच्या भावाने सगळे मांडले तर नफ्यातोट्याचे आकडे विनाकारण हेलकावे खातात, हा बँकांचा आक्षेप रास्त आहे, आणि ज्या संस्थेचे देणेही दहा-वीस वर्षांनीच फेडायचे आहे तिला हे सदर शोभते. पण ज्या बँकेचे देणे मागताक्षणी फेडायचे आहे, तिला ‘आम्ही हा रोखा शेवटपर्यंत ठेवू’ असे लिहिण्याचा हक्क कोणी दिला? तो निर्णय तिच्या हातात नसून ठेवीदारांच्या हातात आहे. म्हणून विम्याबाहेरच्या, कधीही निघून जाऊ शकणाऱ्या ठेवींचे प्रमाण जितके जास्त, तितका या सदराचा वापर मर्यादित असावा आणि या सदरातला न दाखवलेला तोटा भांडवलातून वजा करूनच ते पुरेसे आहे की नाही हे मोजले जावे, एवढा बदल जगातल्या कोणत्याही नियामकाला करता येईल. तसेच मूळ कर्जाला जितके भांडवल लागते त्याहून कमी भांडवल त्याच कर्जाच्या रोख्याला लागू नये. अमेरिकेतील २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने रोखे काढणाऱ्याने पाच टक्के जोखीम स्वतःकडे ठेवावी असे बंधन घातले. हेतू चांगला, पण निकषात बसणाऱ्या गृहकर्जांना त्यातून सूट मिळाल्याने त्याची धार बरीच बोथट झाली.

आपणाकडे एक विनंती आहे. बँकांचे तिमाही निकाल छापताना निव्वळ नफा आणि थकीत कर्जांचे प्रमाण हे दोनच आकडे ठळक दिले जातात. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या बाबतीत हे दोन्ही आकडे शेवटपर्यंत उत्तम होते. त्यांच्या शेजारी, बँकेने जाहीर केलेले असतील तेव्हा, मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या रोख्यांची पुस्तकी किंमत, त्यांचा बाजारभाव आणि विमा नसलेल्या ठेवींचे प्रमाण हे तीन आकडेही आपण छापावेत. अमेरिकी बँकांच्या अहवालांत हे आकडे टीपांत किंवा परिशिष्टांत सापडतात. शोधायला थोडे कष्ट पडतात, एवढेच.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस